तक्रार करायची कोणी?

भंडाऱ्याच्या पश्चिमेस, नागपूरच्या बाजूला वसलेले जवाहरनगर आयुध निर्माणीमुळे अस्तित्वात आले. १९६४ साली ही निर्माणी उभी राहिली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून माणसे येथे नोकरीस आली, सरकारी निवासस्थानांत त्यांनी संसार मांडले, त्यांची मुले येथेच शिकली. त्या पहिल्या पिढीपैकी जे हयात आहेत ते आता ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. निवृत्तीबरोबर सरकारी घर सुटलेले, मुले नागपूर, पुणे, हैदराबाद वा बंगलोर येथे स्थायिक झालेली, आणि पतिपत्नींपैकी एकच मागे उरलेले, अशी घरे या पट्ट्यात थोडी नाहीत. गुडघे वा स्मरणशक्ती साथ देईनाशी झाली की अशा घरात केव्हातरी वृद्धाश्रमाचा विषय निघतो. जे जवाहरनगरात घडते तेच थोड्याफार फरकाने सर्वत्र घडत आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठी उलटलेल्यांची संख्या १ कोटी ११ लाखांच्या आसपास होती, आणि त्यानंतर ती वाढतच गेली आहे.

मराठी समाजात वृद्धाश्रमाची चर्चा कृतघ्न मुलापासून सुरू होते आणि कृतघ्न मुलापाशीच संपते. नाटकांनी, चित्रपटांनी आणि व्याख्यानमालांनी हा विषय इतका घोळवला आहे की आश्रमाच्या फाटकापर्यंत आल्यावर प्रेक्षकांचे डोळे पाणावतात व पडदा पडतो. फाटकाच्या आत पुढे काय होते, म्हणजे रात्री हाक मारली तर कोणी येते की नाही, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दिवसातून किती वेळा बदलली जाते, औषध ठरल्या वेळी मिळते की झोपेची गोळीच तेवढी नियमाने मिळते, या प्रश्नांत कोणाला नाट्य दिसत नाही. वास्तविक ज्याला तेथे राहायचे आहे त्याचे सारे आयुष्य या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनीच व्यापलेले असते.

कायद्यानेही समाजाचीच दृष्टी उचलली आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा संसदेने २००७ साली केला आणि महाराष्ट्राने त्याखालील नियम २०१० मध्ये काढले. आईवडिलांना न सांभाळणाऱ्या मुलाला या कायद्यान्वये उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे उभे करता येते, निर्वाहखर्च द्यावयास लावता येते. वृद्धास टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. हे सारे योग्यच आहे. परंतु त्याच वृद्धाला दरमहा पैसे घेऊन ठेवणाऱ्या संस्थेने उपाशी ठेवले वा दुर्लक्षाने त्याच्या पाठीला जखमा झाल्या, तर त्याची दाद या न्यायाधिकरणापुढे लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम राज्य सरकारला काढता येईल, असे कलम १९ म्हणते. काढलाच पाहिजे असे म्हणत नाही. खाजगी वा धर्मादाय आश्रमांनी कोणाकडे नोंदणी करावी, किती माणसांमागे किती सेवक ठेवावेत, त्यांची तपासणी कोणी व केव्हा करावी, याविषयी हा कायदा मौन पाळतो.

त्यामुळे तक्रार करू इच्छिणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो कचेरीचा. आश्रम चालविणारा न्यास बहुधा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला असतो. पण धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय पाहते ते मुख्यतः विश्वस्तांची नावे, मालमत्ता आणि हिशेब. समाजकल्याण खात्याचे हात अनुदान जाते तेथवर पोहोचतात. ग्राहक आयोग पैसे भरणाऱ्याची तक्रार ऐकतो, मात्र विनामूल्य सेवा घेणारा त्याच्या लेखी ग्राहकच नव्हे. म्हणजे जो सर्वांत असहाय तोच या दारातून परत फिरतो. पोलीस येतात ते मारहाण वा मृत्यू झाल्यावर. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील व्याख्या इतकी व्यापक आहे की स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना ठेवून घेणारा आश्रम तीत बसू शकतो आणि मग त्यास नोंदणी व तपासणी लागू होऊ शकते. परंतु वृद्धाश्रमांकडे या दृष्टीने पाहण्याची शासनयंत्रणेस सवय नाही. एवढ्या कचेऱ्या असूनही आश्रमातील माणूस कसा आहे हे पाहण्याचे काम नेमके कोणाचे, याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न तक्रारदाराचा. आपली सारी चौकशीव्यवस्था, तक्रार आली म्हणजे चौकशी करायची, या एका गृहीतावर उभी आहे. रेशन दुकानदाराविरुद्ध तक्रार करणारा संध्याकाळी आपल्या घरी जातो. आश्रमवासी जात नाही. ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याच्याच हातचे जेवण त्याला रात्री घ्यायचे असते आणि उठवून बसविण्यासाठी त्याच्याच मनगटाचा आधार लागतो. अनेकांना आपण कोणत्या दिवशी जेवलो नाही हे आठवत नाही. काहींना सांगता येत नाही. ज्यांना येते ते मुलाला आणखी त्रास नको म्हणून गप्प राहतात. मुलाचीही अडचण असते. येथून काढले तर न्यायचे कोठे, हा प्रश्न त्याच्यापाशी अनुत्तरित असतो, म्हणून डोळ्यांना दिसलेली गोष्टसुद्धा तो स्वतःशी नाकारतो. उरतो कर्मचारीवर्ग. आश्रमात ज्यांना मावशी म्हणतात त्या स्त्रियांना सारे काही ठाऊक असते. पण तुटपुंज्या पगारावर, कसल्याही लेखी नेमणुकीविना काम करणाऱ्या बाईने मालकाविरुद्ध तोंड उघडावे अशी अपेक्षा करणाऱ्यांनी तिच्या नोकरीची हमी प्रथम द्यावी. तेव्हा तक्रार नाही याचा अर्थ सर्व ठीक आहे असा लावणारा अधिकारी भोळा तरी असतो किंवा निर्ढावलेला तरी.

वृद्धाश्रमांच्या चौकशांचा असा सांगण्याजोगा इतिहास महाराष्ट्रात नाही. बालगृहांचा मात्र आहे, आणि बोलू न शकणाऱ्यांच्या तक्रारी कशा बाहेर येतात हे त्यातून उत्तम कळते. १९८० नंतरच्या दशकात पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईतील मानखुर्दच्या निरीक्षणगृहातील मुलांच्या स्थितीविषयी उच्च न्यायालयास पत्र लिहिले; तीच याचिका समजली गेली आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये त्याचा निकाल लागला. हे गृह चिल्ड्रेन्स एड सोसायटी चालवीत असे. कागदोपत्री ती नोंदणीकृत संस्था होती, परंतु तिचे पदसिद्ध अध्यक्ष राज्याचे मुख्यमंत्री आणि उपाध्यक्ष समाजकल्याणमंत्री होते. संस्था राज्याचेच अंग मानली पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. या तपशिलातील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या मंत्र्यांच्या खात्याने तपासणी करायची, तेच मंत्री तपासल्या जाणाऱ्या संस्थेच्या शिरोभागी! खालच्या निरीक्षकाने अशा संस्थेविषयी प्रतिकूल शेरा लिहावा, ही अपेक्षा शासकीय नोकरीची ओळख असलेला कोणीही करणार नाही.

त्यानंतर चोवीस वर्षांनी, २०१० साली, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या गृहातील उपासमारीच्या, मृत्यूंच्या व लैंगिक अत्याचारांच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची स्वतःहून दखल घेतली आणि टाटा समाजविज्ञान संस्थेतील कायद्याच्या प्राध्यापिका डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने राज्यातील अशा गृहांना भेटी देण्यास आरंभ केला, आणि त्या भेटींतूनच २०११ मध्ये पनवेल परिसरातील एका संस्थेतील भीषण प्रकार उघडकीस आला. तेथे मूकबधिर व मतिमंद मुले होती. २०१३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकाला आणि त्याच्या काही साथीदारांना दोषी ठरविले. येथे क्रम महत्त्वाचा आहे. पनवेलच्या मुलांचे दुःख बाहेर आले ते त्यांच्यापैकी कोणी तक्रारअर्ज लिहिला म्हणून नव्हे. दुसऱ्या जिल्ह्यातील दुसऱ्या संस्थेविषयी बोभाटा झाला, त्यामुळे न्यायालयाने माणसे धाडली, आणि ती माणसे फाटकापाशी वा कचेरीत न थांबता मुलांजवळ बसली. कवडासची बातमी छापून आली नसती तर पनवेलचे फाटक बंदच राहिले असते.

नियमित तपासणी होत असूनही काही दिसत नाही, याचे सर्वांत दाहक उदाहरण बिहारचे. तेथील समाजकल्याण खात्याने राज्यातील ११० निवारागृहांच्या सामाजिक लेखापरीक्षणाचे काम टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाकडे दिले. २०१८ मध्ये त्यांचा अहवाल सादर झाला, त्यात सतरा संस्थांविषयी गंभीर नोंदी होत्या, आणि त्यांपैकीच एक मुजफ्फरपूरचे बालिकागृह होते. या गृहात अधिकाऱ्यांचे जाणे-येणे नव्हते असे नाही. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने ज्यांना दोषी ठरविले त्यांत बालकल्याण समितीचे माजी अध्यक्ष होते आणि जिल्हा बालसंरक्षण अधिकारीही होता. ज्यांनी मुलींचे रक्षण करायचे, ज्यांच्याकडे त्यांनी तक्रार न्यायची, तेच आरोपींच्या पिंजऱ्यात. मुंबईहून गेलेल्या तरुण समाजकार्यकर्त्यांना मात्र हे सारे दिसले. त्यांच्यापाशी कसली सत्ता नव्हती, खास उपकरणे नव्हती. ते संस्थेचे मिंधे नव्हते आणि मुलींशी एकांतात बोलले, हेच त्यांचे वेगळेपण.

चौकशी झाली तरी ती कोठवर जाते, हे भंडाऱ्याच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशूंच्या विशेष कक्षास आग लागली. सतरा बालके तेथे होती. सात वाचली, दहा दगावली. विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली समिती बसली, अहवाल आला, जिल्हा शल्यचिकित्सकांसह सात जणांवर निलंबन, बदली किंवा सेवासमाप्तीची कारवाई झाली, आणि पुढे फौजदारी गुन्हा नोंदला गेला तो दोन परिचारिकांवर. कर्तव्यात कसूर करणाऱ्यांस शासन व्हावे यात दुमत नाही. परंतु ज्या इमारतीच्या अग्निसुरक्षेची परिपूर्ती झालेली नव्हती, त्या इमारतीत रात्रपाळीला उभ्या असलेल्या दोघींवर खटला आणि मंजुऱ्यांच्या नस्त्या ज्यांच्या टेबलांवरून फिरत होत्या त्यांच्यावर फार तर विभागीय कारवाई, असा हा न्याय आहे. दुर्घटनेनंतरची चौकशी स्वभावतःच शेवटच्या हाताचा शोध घेते. त्याआधीच्या महिन्यांतून कोणी काय करावयाचे राहून गेले याची विचारपूस, माणसे जिवंत असतानाच्या तपासणीतच शक्य असते.

अशी तपासणी असते तरी कशी, याची कल्पना जवाहरनगरच्या रहिवाशांना इतरांपेक्षा अधिक असावी. स्फोटकांच्या कारखान्यात प्रत्येक इमारतीत एका वेळी किती माणसे असावीत आणि किती वजनाचे स्फोटक असावे याची मर्यादा ठरलेली असते, आणि ती दारावर लिहिलेली असते. कोणाची तक्रार येवो न येवो, मर्यादा लागू असते. हे सांगताना २४ जानेवारी २०२५ चा स्फोट विसरून चालणार नाही. त्यात याच निर्माणीतील आठ कामगार प्राणास मुकले. सुरक्षेचे नियम अंगवळणी पडलेल्या जागीही अनर्थ होतो, हे त्या दिवशी पुन्हा दिसले. मग जेथे दारावर कसलाही आकडा नाही अशा आश्रमांविषयी काय बोलावे? पंचवीस जणांच्या जागेत चाळीस खाटा लागल्या आणि रात्री त्या चाळिसांसाठी एकच बाई जागी असली, तर तो कोणत्या नियमाचा भंग, हे सांगणारा कागदच उपलब्ध नसतो.

काय तपासायचे हे काही गूढ नाही. शय्याव्रण, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, पुष्कळदा टाळता येतात; त्या एकापाठोपाठ एक अनेकांना झालेल्या दिसल्या तर माणसे कमी आहेत किंवा लक्ष नाही एवढे निश्चित समजावे. दरमहा वजनाची नोंद ठेवली तर तीन महिन्यांचे आकडे स्वयंपाकघराविषयी सूचनाफलकापेक्षा खरे बोलतात. किराण्याची व दुधाची बिले आणि हजेरीपटावरील डोकी यांचा मेळ घालणे कोणाही कारकुनास अर्ध्या तासाचे काम आहे. झोपेच्या औषधांची खरेदी, मृत्यूंची नोंदवही, दवाखान्यात नेल्याच्या तारखा, आणि खोलीची कडी आतून आहे की बाहेरून, या गोष्टी पाहिल्या की संस्थेचे स्वरूप बऱ्याच अंशी कळते. अधिकाऱ्यांच्या भेटीत मात्र पाहिले जातात ते रंगविलेल्या भिंती, देवघर आणि वाढदिवसांची छायाचित्रे. भेट दोन दिवस आधी कळविलेली असते, चादरी धुतलेल्या असतात, आणि अभिप्रायवहीत ‘सेवाभाव पाहून मन भरून आले’ असे लिहून मंडळी परततात. लिहिणाऱ्याच्या हेतूविषयी शंका नको; पण त्या ओळीचा पुढे चौकशीत पुरावा होतो, हे त्याच्या ध्यानी नसते.

संस्थाचालकांची बाजूही ऐकली पाहिजे. पदरमोड करून, देणग्या मागून, दुसऱ्या कोणी न स्वीकारलेल्या माणसांना आसरा देणारे लोक या महाराष्ट्रात आहेत, आणि अनुदान वेळेवर मिळत नाही ही त्यांची नेहमीची तक्रार खरी आहे. नोंदणी आली की निरीक्षक आला आणि निरीक्षक आला की त्याचे हात ओले करणे आले, हे भय अनाठायी म्हणता येणार नाही. त्यावर उपाय आहे. मानके अशी असावीत की साध्या कौलारू घरातला चांगला आश्रमही त्यांत उत्तीर्ण होईल. फरशीची जात आणि खोलीचे चौरस फूट मोजण्याऐवजी माणसाची स्थिती मोजली तर प्रामाणिक संस्थेस भिण्याचे कारण उरत नाही. आणि अनुदान देणारे खाते व तपासणी करणारे खाते एक असू नये. पहिल्याने आपलीच निवड चुकली असे लिहायचे असते, ते तो लिहीत नाही.

इतर देशांतही हा धडा सुखाने शिकला गेलेला नाही. इंग्लंडमध्ये स्वतंत्र निरीक्षण आयोग असताना ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी रुग्णालयात बौद्धिक अपंगत्व असलेल्यांचा छळ चालला होता. तेथील एका परिचारकाने व्यवस्थापनाला व आयोगाला कळवूनही कोणी लक्ष दिले नाही. २०११ मध्ये बी.बी.सी.ने गुप्तपणे टिपलेली दृश्ये दाखविल्यावर देश हादरला आणि अकरा कर्मचाऱ्यांना शिक्षा झाल्या. आयोग असणे पुरेसे नाही, आतल्या माणसाचा शब्द ऐकला गेला पाहिजे, असा त्याचा अर्थ. अमेरिकेने १९७८ साली कायद्यात दुरुस्ती करून प्रत्येक राज्यात शुश्रूषागृहांतील रहिवाशांसाठी लोकपालाची योजना सक्तीची केली. तेथे प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक गृहांना वरचेवर भेटी देतात, रहिवाशांशी बोलतात आणि त्यांच्या वतीने तक्रार मांडतात. तक्रार येण्याची वाट न पाहता तिला आणायला कोणीतरी आत जायचे, ही कल्पना आपल्याकडे घेण्यासारखी आहे.

भारतात तसा प्रयत्न झालाच नाही असे नव्हे. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अश्विनीकुमार यांच्या याचिकेवर निर्णय देताना प्रत्येक जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहितीच केंद्राने राज्यांकडून गोळा करावी असे सांगितले. म्हणजे तोवर ही साधी मोजदादही सरकारपाशी धड नव्हती. डिसेंबर २०१९ मध्ये २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक लोकसभेत मांडले गेले. ज्येष्ठांच्या निवासगृहांची नोंदणी, त्यांची किमान मानके आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात ज्येष्ठांसाठी जबाबदार अधिकारी, अशा तरतुदी त्यात होत्या. ते स्थायी समितीकडे गेले, २०२१ मध्ये समितीचा अहवाल आला, विधेयक पडून राहिले आणि २०२४ मध्ये सतराव्या लोकसभेबरोबर ते व्यपगत झाले. त्यासाठी कोठे मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही. ज्यांच्यासाठी ते होते ती माणसे मोर्चा काढू शकत नाहीत.

परंतु राज्याने दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना व सेवांची मानके राज्य सरकारला ठरविता येतील, असे कलम १९ चे दुसरे पोटकलम म्हणते. ते शासकीय आश्रमांपुरतेच आहे असा अर्थ आजवर सोयीने लावला गेला. तो अर्थ नको असेल तर नियम बदलावेत, आणि तेवढ्याने भागत नसेल तर विधिमंडळाने स्वतंत्र कायदा करावा. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी वेगळे खाते काढले; अपंगांच्या निवासी संस्थांच्या नोंदणीची तरतूद २०१६ च्या केंद्रीय कायद्यात आधीपासून आहेच. अपंगांच्या वसतिगृहाला जे लागू होते ते वृद्धांच्या आश्रमाला का लागू होऊ नये, याचे समर्थन कोणी केल्याचे दिसत नाही.

भेटी देणारी माणसे कोठून आणायची, हा प्रश्न लगेच विचारला जाईल. जवाहरनगर, भंडारा, तुमसर, साकोली या गावांत निवृत्त शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, हिशेब तपासण्यात आयुष्य गेलेले लेखापाल आहेत. त्यांपैकी जे आश्रमाचे विश्वस्त वा देणगीदार नाहीत, अशांची जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली नेमणूक करता येईल. आग्र्याच्या महिला संरक्षणगृहाच्या प्रकरणात, उपेंद्र बक्षी आणि लतिका सरकार या प्राध्यापकांनी १९८१ साली लिहिलेल्या पत्रावरून, सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांनाच दरमहा पाहणीस पाठविले होते. तेव्हा ही गोष्ट अभूतपूर्व नाही. मात्र अशा नेमलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता, पूर्वसूचनेविना, फाटक उघडून घेण्याचा लेखी अधिकार हवा, रहिवाशाशी दार लोटून बोलण्याची मुभा हवी, त्याला माहिती देणाऱ्या मावशीला कामावरून काढता येणार नाही असे संरक्षण हवे आणि त्याचा प्रवासखर्च त्याच महिन्यात मिळायला हवा. त्याचा अहवाल संस्थेच्या दारावर, किती रहिवासी आणि रात्री किती सेवक या आकड्यांशेजारी, मराठीत लावला जावा. म्हणजे आईला तेथे ठेवण्यासाठी आलेला मुलगा आत जाण्यापूर्वी तो वाचू शकेल.